तोललेलं रबर

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्यांचं नाव लिंबाजी. ते माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरून ते तरुणपणी सोलापुरात आले आणि मार्केट यार्डात हमाल झाले. कांद्याची पोती पाठीवर वाहून त्यांनी मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि त्या पदवीचं वजन नेमकं कोणाच्या पाठीवर होतं हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी नोकरीसाठी पुण्याला निघालो त्या सकाळी दादांनी माझी पेटी मला उचलू दिली नाही. एसटी स्टँडवर रिक्षातून उतरल्यावर फलाटापर्यंतचं अंतर पन्नास पावलं असेल. तेवढ्यासाठी त्यांनी पेटी पाठीवर घेतली, दोन पावलं चालले आणि म्हणाले, "सतरा किलो हाय. पुस्तकं लई भरलीस." मी घरून निघताना पेटी मोजली नव्हती. पुण्यात खोलीमालकाकडे काटा होता, त्यावर ठेवली तर साडेसतरा भरली. बस हलली तेव्हा ते खिडकीशी आले. इतरांचे वडील जेवत जा, फोन कर म्हणत होते. दादा म्हणाले, "तितं कुनी काय बी सांगितलं तरी आदी तोलून बघायचं."

पुढे मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागलो. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामावर संशय घ्यायचा, हेच माझं काम. ते मला सहज जमलं. मात्र खुर्चीवर बसून बसून माझी पाठ धरली. हमालाच्या मुलाची पाठ कॉम्प्युटरपुढे धरते, हे घरी सांगायची मला लाज वाटायची.

एका सहकाऱ्याने व्यायामाचे रबरी पट्टे सुचवले. मी ते ऑनलाइन मागवले. हातभर पिशवीत चार पट्टे आले: पिवळा, लाल, निळा, काळा. सोबत दोन मुठी आणि दारात अडकवायचा एक तुकडा. प्रत्येक पट्ट्यावर किलो छापलेले. खरं सांगतो, मला ती फसवणूक वाटली. आमच्याकडे ताकद म्हणजे पोतं, नाहीतर तालमीतली दगडी गदा. सायकलच्या ट्यूबसारखी ही वस्तू, सामान बांधायच्या लायकीची, आणि म्हणे पंधरा किलो. पण महिना-दीड महिना दार लावून गुपचूप ओढत राहिलो. एके दिवशी गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर न थांबता नेली, तेव्हा संशय थोडा ढिला पडला.

त्याच वर्षी दिवाळीला घरी गेलो. आई गेल्यापासून दादा त्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. हमाली सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती. जेवण झालं की मी ताट उचलून उठायचो, पण दादा बसून राहायचे. "तू हो म्होरं," म्हणायचे. मी आत गेलो की मागून दाराची चौकट करकरायची. दुसऱ्या दिवशी मी चौकट नीट पाहिली. कमरेच्या उंचीवर एका जागी रंग पूर्ण गेला होता आणि लाकूड हाताच्या तेलाने काळं पडलं होतं. मला सगळं कळलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा माणूस जमिनीवरून आपलं आपण उठू शकत नव्हता. मोरीत पडले तर दिवसभर कुणाला कळणार नाही, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

मी म्हणालो, "दादा, पुण्याला चला."

"तुज्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? खिडकीतनं गाड्या मोजू?"

मग मी पट्टे काढून त्यांच्यापुढे ठेवले. पायाखाली कसा धरायचा, खाटेवर बसून कसं उठायचं, सगळं करून दाखवलं. त्यांनी एक पट्टा बोटांनी चोळला, वास घेतला, उजेडात धरला. सुतळीचा नवा बंडल पाहावा तसा पाहिला.

"ह्येनं काय हुतं?"

"पायात ताकद येते."

"आन् न्हाय आली तर? तर मला उचलून न्यायाला कारण घावलं तुला, व्हय ना?"

मी नाही म्हणालो. पण त्यांचा अंदाज खोटा नव्हता. मी तसाच विचार केला होता. चार पट्टे मी तिथेच सोडून आलो आणि स्वतःसाठी दुसरा संच मागवला.

त्यानंतर दर रविवारी फोनवर तेच.

"दादा, करताय ना?"

"करतोय की. रोज. तू करतूस न्हवं?"

"करतोय की."

तुमच्यापैकी जे घर सोडून लांब गेलेत त्यांना हे संभाषण ओळखीचं वाटेल. दोन्हीकडे सगळं ठीक असतं. एका रविवारी, क्वालिटीवाल्याची खोड म्हणून, मी सहज विचारलं, "कोणत्या रंगाचा चाललाय सध्या?"

दादा म्हणाले, "हिरवा."

त्या संचात हिरवा पट्टाच नव्हता.

शनिवारी न सांगता मी सोलापूरची पहाटेची बस धरली. टेंभुर्णी मागे पडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो: आता तुमचं ऐकणार नाही, घराला कुलूप लावू. मोडनिंब आलं, गेलं. याच रस्त्याने दादा एकदा वळकटी घेऊन गेले असतील, आणि त्यांनाही कुणीतरी परत चल म्हटलं असेल, असं तेव्हा वाटून गेलं.

घराला कुलूपच होतं. शेजारची बाई म्हणाली, "लिंबाजीमामा व्हय? मार्केटला गेल्यात की. रोजच जात्यात सकाळचं." मी तसाच यार्डाकडे धावलो. ते पुन्हा पोती उचलायला लागले असणार.

कांद्याचा लिलाव उरकला होता. गाळ्यांच्या मागच्या शेडमध्ये मला आधी इस्माईलचाचा दिसले. ते दादांच्या टोळीतले जुने जोडीदार. आढ्याला ताणकाटा टांगला होता, त्याच्या हुकाला माझा पट्टा अडकवलेला, आणि चाचा डोळे बारीक करून काट्यावरचा आकडा वाचत होते. खाली दादा पट्टा ओढत होते. त्या लाल पट्ट्याच्या मधोमध हिरव्या ऑइलपेंटची जाड रेघ होती.

ती रेघ मी ओळखली. दादांच्या टोळीची रीतच होती: पोतं काट्यावरून उतरलं, वजन पटलं, की त्यावर हिरवा फराटा ओढायचा. फराटा नसलेलं पोतं टोळीतलं कुणी पाठीवर घ्यायचं नाही. दादांनी पट्टेही तसेच तपासून घेतले होते. चारपैकी फक्त लाल पास झाला होता; फोनवरचा 'हिरवा' तो हाच. बाकीचे त्यांच्या लेखी अजून आलेच नव्हते.

मला पाहून त्यांनी पट्टा हळूच सोडला. "आलास का झडती घ्यायाला?"

चाचा हसले. "अरे बेटा, तेरा बाप चार दिन काटेसेच झगडा कर रा था."

"मग? वर धा लिवलंय," दादा म्हणाले. "हातभर वडलं तर सात भरतंय. मी म्हनलं, घट हाय, ही लबाडी हाय. मग दीड हात वडलं तवा धा भरलं. जितकं लांब न्यावं तितकं जास्त वडतंय ह्ये. खोटं न्हाय लिवलं त्येनी. पन सगळं सांगितलं बी न्हाय."

मी इंजिनिअर. माझ्या कंपनीत ओढ मोजायचं यंत्र आहे. त्या पट्ट्यावरचा आकडा मोजून पाहावा, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि व्यायाम?" मी विचारलं. संशय अजून गेला नव्हता.

दादा कांद्याच्या एका आडव्या पोत्यावर बसले, लाल पट्टा तळपायांखाली घेतला, टोकं खांद्याशी धरली आणि उठले. कशाला हात न लावता. परत बसले, परत उठले. चाचा टोळीच्या जुन्या तालात मोजत होते. आठव्याला ते थांबले.

"सुरवातीला तीन पोत्यांची थप्पी लावायचो," दादा धापा टाकत म्हणाले. "मग दोन. आता एक. जमीन ऱ्हायली."

मग जवळ येऊन त्यांनी माझा दंड चिमटीत धरला. बाजारात कांदा दाबून पाहतात तसा. "तू बंद केलंयस."

दोन महिने झाले होते. 

दुसऱ्या दिवशी परत निघायच्या आधी मी हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणून ती चौकट रंगवली. पांढरी. दादा खाटेवर बसून पाहत होते. "सन न्हाय, वार न्हाय, रंग कशापायी?" म्हणाले. मी म्हणालो, जुनी झाली होती. ते बसपर्यंत पोहोचवायला आले तेव्हा त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

घर म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं सोपं समजत होतो. आपली वाट पाहणारी जागा, एवढंच. आता वाटतं, जिथली माणसं आपल्यावर संशय घेतात आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो, ते घर. पुण्यात माझ्या दंडाकडे कोणी पाहत नाही. फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून त्या आठवड्यात दादांना पत्र पाठवलं. ते असं:

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो, म्हणून लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे, चाचांकडून वाचून घेऊ नका.

चौकट मी जुनी झाली म्हणून रंगवली नाही. पुढच्या खेपेला तुमचा हात उमटलेला दिसतो का, हे पाहायला रंगवली. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. माझं चुकलं. पांढऱ्या रंगाच्या धाकाने तुम्ही चौकट न धरता उठायला जाल आणि पडाल, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं.

तर चौकट धरा. हात उमटला तर उमटू द्या. तो पाहून मी पुण्याचं नाव काढणार नाही. मी हे लिहून देतो आहे, हा कागद जपून ठेवा. एक पोतं उतरायला वर्ष लागलं तरी चालेल.

माझे चारही पट्टे मी कंपनीतल्या यंत्रावर लावून पाहिले. काळा कमी भरला. त्यावर हिरवी रेघ ओढली नाही. बाकीच्या तिन्हींवर ओढली. सोमवारपासून परत सुरू केलं आहे. यावर विश्वास ठेवू नका. संक्रांतीला येतो, तेव्हा दंड दाबून बघा.

तुमचा,
सुनील