नुसतं धरून बसणारे आप्पा

महालिंगआप्पा चिडले की गिऱ्हाइकाची साखर तागडीतच सोडून गल्ल्यामागची हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेत. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत, उजव्या हाताने तार छेडत ते एकच सूर लांबवत बसत. दिंद्रुडच्या त्या किराणा दुकानात कुणी घाई केलीच तर म्हणत, "थांब की बे. सूर संपल्याबिगर साखर न्हाई." सूर लवकर विझे, मग ते आणखी चिडत. "छेडली की मरायलाच लागती. पेटीवाल्यांना हे दुःख कळायचं न्हाई." मी शेजारची. त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांपैकी शिव्या खाऊन टिकलेली मी एकटीच.

सोमवारी महादेवाच्या देवळात भजन असे. पेटीवर विश्वनाथअण्णा आणि त्यांच्या डाव्या अंगाला आप्पा. त्या जागेसाठी आप्पा आठवडाभर जगत. मग अर्धांगवायूचा झटका आला. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परतले तेव्हा डावा हात शाबूत होता, उजव्या मुठीत वस्तू धरता येत होती, पण बोटं तार छेडेनात.

मी शोधून एक यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढं. तारेवर टेकवलं की आतल्या चुंबकामुळे तार न छेडताच वाजत राहते, उचलेपर्यंत. आप्पा पहिल्याच दिवशी उखडले. "ह्याला मरण कसं न्हाई गं?" दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मागून घेतलं. यंत्र जरा तिरकं झालं की तार करवतीसारखी खडखडे. आप्पा यंत्राला शिव्या देत, मला देत आणि पुन्हा टेकवत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. हळूहळू सूर कधी उमटला आणि यंत्र कधी उचललं ते कळेनासं झालं. एकदा म्हणाले, "आधी कुठं संपायचं ते तार ठरवायची. आता मला ठरवावं लागतंय. लई अवघड हाय पोरी."

मग एका सोमवारी ते गिटार घेऊन देवळात गेले. पहिलं भजन झालं आणि अण्णांनी पेटीचा भाता बंद केला. "आप्पा, हे तर यंत्र वाजवतंय. तुमी नुसतं धरून बसलाव. देवापुढं असलं न्हाई चालत."

अण्णांच्या गुडघ्याशी तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक डबी सुरू होती. आप्पांनी तिच्याकडे बोट केलं. "आन् ही कोण वाजवतंय बे? तुझा आजा?"

"ती साथीला हाय," अण्णा म्हणाले. मंडळी हसली. आप्पांना एका हाताने गिटार उचलता येईना. ती मी उचलली.

पुढे मंडळी बोलवायला आली, नुसतं ऐकायला या म्हणाली. "माझ्या जागंवर बसून ऐकू?" म्हणत आप्पांनी त्यांना ओट्यावरूनच हाकललं. दर सोमवारी भजनाच्या वेळेला ते दुकानात एकटे वाजवत आणि गिऱ्हाइकं मुकाट उभी राहत. या भजनी मंडळींचा मला संताप येतो. आजारपणात डबे पोचवणारी हीच माणसं. त्यांनी आप्पांची जागा तेवढी काढून घेतली. मी हा राग सोडणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. आमच्यात माणूस गेलं की त्याला भिंतीशी टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि समोर भजन म्हणतात. अण्णाच पेटी घेऊन आले. त्यांनी डबी काढली, तेवढ्यात मी गिटार आणून आप्पांपुढे आडवी ठेवली, अण्णांच्या पट्टीतल्या षड्जाच्या तारेवर यंत्र बसवलं आणि चालू केलं. सूर भरून आला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद करू का?" मी विचारलं. मयताच्या घरात हो म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. डबी पिशवीत गेली आणि त्याच सुरावर ते गायले.

आप्पांना उचललं तरी सूर चालूच. "थांबव गं आता," अण्णा म्हणाले.

"तुमी थांबवा."

ते वाकले. यंत्राला हात घातला आणि तार अशी खडखडली, की दारातली माणसं आप्पांना खांद्यावर घेऊन मागे वळली. अण्णांनी घाबरून पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"अण्णा," मी म्हणाले, "नुसतं धरायचं तर होतं."