बुधाजींच्या तोंडावरचे हंस

अकोल्याच्या अब्दुल गफ्फारला मोठ्या टीव्हीची शिसारी होती. लग्नाचं शूटिंग करता करता त्याचे केस पिकले. बार्शीटाकळीपासून परतवाड्यापर्यंत हजारभर लग्नं त्यानं खांद्यावर कॅमेरा घेऊन काढली आणि डीव्हीडीत भरून घरोघरी दिली. आता लोक तीच डीव्हीडी भिंतीएवढ्या टीव्हीत लावतात, चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडदा भरतात, आणि सडपातळ नवरी पोत्यासारखी दिसायला लागली की फोन गफ्फारला. म्हणे तुमची सीडी खराब आहे. अरे, सीडी कशाची खराब, तुमची अक्कल खराब! असं अगदी ओठांवर यायचं त्याच्या.

म्हणून बार्शीटाकळीहून माणिकबाईंचा निरोप आला, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालूनच एसटीत चढला.

माणिकबाई म्हणजे भाजीवाल्या बुधाजींची बायको. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या विकून दोघांनी संसार केला. दोन वर्षांमागं बुधाजी गेले. माणूस फोटोपासून लांब पळणारा. घरात एकच फोटो होता, त्याला भिंतीची ओल लागली आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरला. हलते-बोलते बुधाजी राहिले ते एकाच ठिकाणी, लेकीच्या, रागिणीच्या लग्नाच्या डीव्हीडीत. पंधरा वर्षांपूर्वीचं ते लग्न गफ्फारनंच काढलेलं. आईला बाबा मोठे दिसावेत म्हणून मुलानं, नितेशनं, पंचावन्न इंची टीव्ही आणला. बाबा मोठे कसचे, रुंद दिसले. मग कुणीतरी अक्कल शिकवली आणि त्यानं एका दुकानातून ती डीव्हीडी कम्प्युटरवर साफ करून आणली.

घरात शिरल्यावर गफ्फारनं आधी ती साफ केलेली डीव्हीडी पाहिली. शी! माणूस आहे की मेणाचा बाहुला? उन्हानं रापलेले गाल गुळगुळीत, सुरकुती औषधाला नाही, आणि समोरचे दोन दात पडलेल्या बुधाजींना अख्खी बत्तिशी बसवलेली. माणिकबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"हे माहे मालक नाईत," त्या म्हणाल्या. "मले त्याईचं तोंड पाह्यचं हाय, भाऊ. मी इसरत चालली त्याईले."

गफ्फारची जीभ आणि हात एकदमच सुटले. त्यानं जुना तीन रंगांच्या वायरींचा प्लेअर उपटला आणि पिशवीतून आणलेला एकाच वायरीचा, एचडीएमआयचा जोडून त्यात मूळ डीव्हीडी घातली. ताणलेलं चित्र पुन्हा चौकोनी केलं. सगळ्यांना लालबुंद करणारा टीव्हीच्या दुकानातला भडक रंग काढला, शार्पनेस तळाला नेला, हलणारं चित्र सिरियलसारखं गुळगुळीत करणारं ते भूत बंद केलं. तोंडानं पट्टा चालूच. या डीव्हीडीत चित्राच्या ओळीच पाचशे शहात्तर; हा राक्षस जवळपास चौपट मागतो, आणि मिळाल्या नाहीत की मनानं भरतो. बाजूच्या काळ्या पट्ट्या पाहून नितेशनं अर्धा टीव्ही वाया गेल्याची कुरकुर केली. गफ्फारनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप चहा सांगायला आत गेला.

आणि चित्र खरंच सुधारलं. मांडव मांडवासारखा दिसला, रागिणी रागिणीसारखी. माणिकबाई सरकत सरकत पुढं आल्या.

मग कन्यादान आलं. बुधाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले, मान वर केली, आणि नेमके त्याच वेळी पडद्याच्या दोन्ही कडांनी दोन पांढरे हंस पोहत आले. चोचीला चोच लागली, बदाम झाला, वरून गुलाबांचा पाऊस सुरू झाला. तेव्हा याला मिक्सिंग म्हणायचे; ज्याची फुलं जास्त तो शूटिंगवाला भारी. बाप रडतो ती जागा भारी, म्हणून गफ्फारनं खास निवडून हंस तिथं बसवले होते. आणि हंसांमागचा चेहरा? त्याचे नुसते चौकोन चौकोन झाले होते. चार तासांचं लग्न त्यानं एकाच डीव्हीडीत कोंबलं होतं, आणि होती नव्हती ती जागा त्या पडणाऱ्या फुलांनी खाल्ली होती.

त्यानं तीनदा मागं नेऊन पाहिलं. पुढं पाहिलं. बुधाजींचं तोंड समोर आलं की चांदण्या, नाहीतर कारंजं. इतर वेळी पाठ, पंगतीत वाढताना. इतकी वर्षं लोकांच्या टीव्हीवर थुंकत आलो, आणि घाण आपलीच, हे कळून गफ्फारला स्वतःची किळस आली.

शूटिंगची मूळ कॅसेट असेल ना, चहा घेऊन आलेल्या नितेशनं विचारलं. पावसात भिजली, बुरशी लागली, असं सांगायला गफ्फारची जीभ वळवळली. त्यानं माणिकबाईंकडं पाहिलं.

"कॅसेट होती माह्यापाशी," तो म्हणाला. "महिन्याभरात तिच्यावर दुसरं लग्न काढलं. वहिनी, टीव्हीचा काई दोष नाई. त्याईचं तोंड म्याच पुसलं."

डीव्हीडी आपली चालूच होती. पडद्यावर हात आले. तांब्याची धार, खाली रागिणीचा मेंदीचा हात, त्याच्याखाली बुधाजींची ओंजळ. त्या चित्रात कुणी हलत नव्हतं. हाताकडं कोण बघतं, म्हणून गफ्फारनं तिथं एक फूलसुद्धा टाकलं नव्हतं. भेगा दिसत होत्या, वाकडा अंगठा दिसत होता, घासूनही न निघालेली नखांतली माती दिसत होती.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

गफ्फारनं चित्र थांबवलं. त्या उठून टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर तळवा टेकवून उभ्या राहिल्या.

"लेकीच्या लग्नात तरी नखं काढा म्हनून किती मागं लागली होती मी," त्या हातांना म्हणाल्या. "ऐकलं नाई तुमी."