दोन चॅप्टर राहिले होते

"एवढं हातावेगळं करतो आणि आलोच." हे वाक्य मी चार वर्षं सकाळी दहाला ऐकलं. चहाची वेळ झाली की आम्ही सगळे हातमोजे काढून पँट्रीकडे पळायचो आणि हा समोरच्या ट्रेमधली शेवटची रक्ताची नळी नोंदवल्याशिवाय जागचा हलायचा नाही. तोवर चहा गार. तो गार चहा हा मिटक्या मारत प्यायचा आणि वर म्हणायचा, "ताई, आज आलं मस्त उतरलंय." मला राग यायचा. माणसाने इतकं गुणी असू नये.

सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही तळमजल्यावर, नमुने येतात तिथे. मी स्टुडंट व्हिसावर आले आणि इथेच चिकटले. तो सांगलीकडचा, तिशी ओलांडलेला. आठवड्यातले तीन दिवस लॅब आणि बाकीचे दिवस युनि, पार्ट-टाइम एम.फिल.साठी. रक्तातल्या कुठल्याशा प्रोटीनवर काम होतं त्याचं. त्याने मला ते दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली.

पण मनात होतं ते वेगळंच. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीनंतर मेडिकल थोडक्यात हुकलं होतं आणि ते शल्य काही जात नव्हतं. इथे आधी एक पदवी असली की मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येते, हे कळल्यापासून तो त्याच्या मागे होता.

त्या परीक्षेत सायन्सबरोबर इंग्रजी कविता आणि व्यंगचित्रंही असायची. सायन्स याच्या हातचा मळ, पण व्यंगचित्रांनी दोनदा घात केला. मग हा जेवणाच्या सुट्टीत व्यंगचित्र घेऊन शॅरनकडे जायचा. शॅरन म्हणजे लॅबमधली सगळ्यात जुनी बाई, जन्माने ऑस्ट्रेलियन, तोंडाने फटकळ. यात हसण्यासारखं काय आहे, असं तो गंभीरपणे विचारायचा. ती समजावून सांगायची, हा वहीत उतरवून घ्यायचा आणि मग नीट वाचून झाल्यावर एकदाच हसायचा. त्याचं ते हसणं पाहून शॅरनला पाणी प्यावं लागायचं.

तिसऱ्या खेपेला जमलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेडिकलच्या जागेची मेल आली. त्याने मला कोल्ड रूममध्ये नेऊन मोबाइल दाखवला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

मेलमध्ये एक अट होती. दोन अभ्यासक्रम एकत्र चालणार नाहीत. जानेवारीच्या मध्यापर्यंत एम.फिल.चा थीसिस जमा करा, नाहीतर तिथून नाव काढून घ्या. नाव काढायचा फॉर्म एका पानाचा होता. थीसिसचे दोन चॅप्टर राहिले होते.

शॅरनने ऐकलं आणि ती म्हणाली, "क्विट, मेट. डॉक्टर झाल्यावर तुला एम.फिल. कोण विचारणार?" आम्ही देशी मंडळी गालात हसलो. यांचं काय, हे लोक नोकरी सोडतात, नवरा सोडतात, डिग्री तर किस झाड की पत्ती. असं मी मराठीत बोललेसुद्धा, तिच्यासमोरच. आज आठवलं की जीभ छाटून टाकावीशी वाटते.

त्या शनिवारी तो स्कोफिल्ड्सला आमच्याकडे जेवायला आला. तुम्हीही अशा जेवणांना बसला असाल, जिथे ज्याचा प्रश्न असतो तो सोडून सगळे बोलतात. चार वर्षं घातलीस आणि दोन चॅप्टरसाठी सोडतोस? जमलं नाही म्हणून सोडलं, असंच म्हणतील लोक. हे मी म्हणाले. नवऱ्याने दुजोरा दिला. सांगलीहून त्याचे वडील व्हिडिओ कॉलवर आले, निवृत्त हेडमास्तर. आपल्या घरात अर्धवट काही राहत नाही, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. हा खाली मान घालून वरणभात कालवत होता.

निघताना त्याने दारात विचारलं की मेडिकलचं सरांना सांगू का. सर म्हणजे त्याचा युनितला गाइड. त्याला सगळे विद्यार्थी नावाने हाक मारायचे, हा एकटा सर म्हणायचा. मी म्हटलं, अजिबात नको. आपला विद्यार्थी रिसर्च सोडून चाललाय कळल्यावर मोडता घालतील. काम होईपर्यंत कुणाला बोलायचं नसतं, पेढेसुद्धा नंतरच. त्याला ते पटलं. आपल्याकडे हे कुणालाही पटतं.

पाच आठवडे त्याने बिनपगारी रजा घेतली आणि दोन्ही चॅप्टर लिहून काढले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरांना पाठवले. सरांनी वाचून होकार दिल्याशिवाय थीसिस जमा होत नाही. सर म्हणाले, नो वरीज, नवीन वर्षात बघतो, आणि कुटुंबाला घेऊन समुद्रावर कॅम्पिंगला गेले. त्यांना घाई काय ठाऊक असणार? ख्रिसमसनंतर इथे अख्खा देश पाय पसरून बसतो. हा रोज सकाळी मेल उघडायचा. सरांना सुट्टीत त्रास कसा द्यायचा, म्हणून फोन मात्र त्याने केला नाही.

मुदतीच्या दिवशी दुपारी मी वेंटवर्थव्हिलला किराणा घेत होते. त्याचा फोन आला.

"ताई, तो फॉर्म उघडून बसलोय. पाच वाजेपर्यंत वेळ आहे. देऊ का सोडून?"

"वेडा आहेस का? इतकं झाल्यावर कुणी सोडतं? मेडिकलवाल्यांकडून दोन आठवडे मागून घे. देतात ते."

तो "बरं" म्हणाला. माझ्या एका हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि काउंटरवर माझा नंबर आला होता. माझं बोलणं अर्ध्या मिनिटात आटोपलं.

त्याने दोन आठवडे मागितले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे, पुढे कधीही पुन्हा अर्ज करावा.

सर जानेवारीच्या शेवटी परतले. याने तेव्हा कुठे सगळं सांगितलं. सरांनी डोकं धरलं म्हणे. "मेट, एक फोन करायचास. मी बीचवर बसून वाचलं असतं."

थीसिस फेब्रुवारीत जमा झाला. पदवी मिळाली. वडिलांनी गाऊनमधला फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला. पुन्हा परीक्षा देणार का, असं विचारलं की हा ट्रेकडे वळायचा. वर्षअखेरीस त्याने पर्थच्याही पुढे, खाणींच्या एका गावात लॅबची नोकरी धरली. शेवटच्या दिवशी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं काही नाही, ताई. मला तेच ऐकायचं होतं." त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले तरी असते.

तो गेल्यावर माझ्या डेस्कवर थीसिसची बांधीव प्रत सापडली. त्याने तीन प्रती काढल्या होत्या, एक वडिलांना, एक सरांना, एक मला. सुरुवातीलाच आभाराचं पान आहे. तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे, आणि मोक्याच्या क्षणी योग्य सल्ला दिल्याबद्दल आभार, असं इंग्रजीत लिहिलं आहे. हे त्याने डिसेंबरात लिहिलं, सगळं जमणार असं वाटत होतं तेव्हा, की फेब्रुवारीत, सगळं संपल्यावर, ते कळायला मार्ग नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. विचारायची माझी हिंमत नाही.