बूट पुतळ्यात की चौथऱ्यात

नगरपालिकेच्या कागदावर तिचं पद ‘पुतळा सफाई’ असं होतं, म्हणून सगळं खातं तिला पुतळेबाई म्हणे. एकोणीस वर्षं ती शिडी लावून चौकातल्या ब्राँझच्या साहेबाचं तोंड धूत आली. कबुतरांची घाण सगळ्यात जास्त मिशांत बसायची.

याच साहेबाच्या हुकमाने तिच्या पणजोबांची वस्ती जाळली गेली होती. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, त्याचं तोंड पुसताना हात कसा चालतो तुझा?"

"फडक्याने," ती म्हणायची.

मग नगरपालिकेच्या सभागृहात ठराव झाला. पुतळा चौकातून हटवून गावाबाहेरच्या गोदामात ठेवायचा. भावाचा लगेच फोन आला. "जिंकलो ना आपण?"

"हो, बहुतेक," ती म्हणाली. सफाईचं पदही पुतळ्याबरोबर गोदामात जाणार, हे मुकादमाने तिला सकाळीच सांगितलं होतं. चौकातून घर पाच मिनिटांवर होतं. दुपारी धावत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूला ती भरवायची, कूस बदलून द्यायची. गोदामाला जायला दोन बस बदलाव्या लागत. भावाला हे सांगायला तिची जीभ रेटेना.

ठरल्या दिवशी क्रेन आली. बोल्ट इतके गंजलेले, की साहेब जागचा हलेना. शेवटी त्याला घोट्यांपाशी कापला. तो ट्रकमध्ये आडवा होऊन गेला आणि बूट चौथऱ्यावरच राहिले.

"मुकादम, बूट पुतळ्यात धरायचे की चौथऱ्यात?" तिने विचारलं.

त्याने खिशातला आदेश काढून दोनदा वाचला. "इथे नुसतं ‘पुतळा’ लिहिलंय."

"मग बूट इथे आहेत तोवर पुतळा हटला म्हणायचा का?"

"सकाळी सकाळी डोकं नका खाऊ, पुतळेबाई." पण त्याने स्वतःचं डोकं खाजवलं. "वर विचारतो. उत्तर येईपर्यंत तुम्ही इथेच."

"किती दिवस लागतील?"

"बूट कुणी काढायला आलं नाही तर बरेच."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बादली घेऊन गेली. शिडी लागली नाही. असल्याच बुटांनी पणजोबांचं अंगण तुडवलं असेल, असं आज प्रथमच तिच्या मनात आलं, आणि ती दात आवळून घासू लागली. डावा बूट किंचित हलल्यासारखा वाटला. फडकं टाकून तिने तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला.

घट्ट होता. बारा वाजत आले होते. ती सासूला भरवायला निघाली.