चार वाफे आणि सासूबाईंचा सोन्याचा हात

माझी जीभ लहानपणापासून तिखट. त्यात वडील तळेगावात मास्तर, त्यामुळे कुणी काही सांगितलं की "कशावरून?" हे आधी तोंडातून बाहेर. अशी मी लग्न होऊन लोहगडाखालच्या एका भातवाल्या घरात आले. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजायचे, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवायचं. मग पेरताना पहिली मूठ घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं टाकायची. आदल्या वर्षी ती माझ्यामागून लग्न होऊन आलेल्या धाकट्या जावेनं टाकली आणि रोपं पिवळी पडली. झालं! "हिच्या हाताला यश न्हाई," असा सासूबाईंनी निकाल दिला. मिरगाच्या आत तिला माहेरी धाडायचं आणि दिराचं दुसरं लग्न लावायचं, इथवर बोलणं गेलं.

माझं डोकंच फिरलं. आदल्या वर्षी वळवानं राब भिजला होता, अर्धा जळलाच नव्हता. तो विषयच कुणी काढीना!

"आत्याबाई, हात वाईट की राब कच्चा, हे बघून तर ठरवू," मी सासूबाईंना म्हटलं.

"बग की! माजा हात सोन्याचा हाय, सारा गाव म्हनतो."

वडील सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. विहिरीपाशी मी एका ओळीत चार लहान वाफे केले. दोन भाजले, दोन तसेच ठेवले. सासूबाईंनी दोन मुठी बी फडक्यांत बांधून दिलं, जावेनंही दोन. दोघींची एकेक मूठ भाजलेल्या वाफ्यात, एकेक न भाजलेल्यात. कोपऱ्यात खूण पुरली: सासूबाईंची कवडी, जावेचा चिंचोका. सासूबाईंनी वीस दिवस तिकडे फिरकायचं नाही असं ठरलं. मला तर नुसतं नाचावंसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी मामंजी, म्हणजे माझे सासरे, बांधावर बसून हसायला लागले.

"सूनबाई, दोन वाफ्यांवर तुजी घागर लय वेळ रेंगाळतीया."

अगं बाई! खरंच की! चिंचोक्याच्या वाफ्यांना मी नकळत जास्त पाणी घालत होते. शरमेनं मेल्यासारखं झालं, पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. वडिलांनीही मला हे शिकवलं नव्हतं: जिला निकाल हवाय, तिला कुठला वाफा कुणाचा हे कळताच कामा नये!

चारही वाफे मोडले. शेजारी नवे केले, त्यातले दोन भाजले, दोघींकडून पुन्हा मुठी घेतल्या. या खेपेला पेरलं मामंजींनी, खुणाही त्यांनीच पुरल्या. पाणी मी घालायची, वाफ्याला मोजून दोन तांबे. रोज पहाटे उठून मी आधी तिकडे पळायची. मामंजींना किती खोदून विचारलं, पण ते ढिम्म.

विसाव्या दिवशी सासूबाई आल्या. दोन वाफे हिरवेगार, दोन पिवळे. मी जीभ दातांखाली धरून उभी. जाऊ पदराचं टोक पिळत होती.

"ह्ये पिवळं दोन्ही वाफं तिचं," सासूबाई म्हणाल्या. "आंधळा बी सांगंल."

मामंजींनी पहिल्या पिवळ्या वाफ्याचा कोपरा उकरला. चिंचोका निघाला.

"बगा!" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी दुसरा उकरला. कवडी निघाली.

मी किंचाळलेच. हिरव्यांतही तसंच, एक चिंचोका, एक कवडी; आणि हिरवे ते दोन्ही भाजलेले. सासूबाईंनी स्वतःचा तळहात उलटासुलटा करून पाहिला. मग जावेला म्हणाल्या, "औंदा राब नीट भाजू. पैली मूठ तूच टाक."

मी आनंदानं जावेला मिठी मारली.

"जाऊबाई," तिनं माझ्या कानात विचारलं, "मग खरंच माझ्या हाताचा दोष नव्हता?"

बाई गं, वर्षभर तीही तेच धरून बसली होती.