केतकीचा गोलमटोल 'ठ'

मंडळी, आज मी चक्क भाजणीच्या पाकिटावर जळले.

मी अक्षरं डिझाइन करते. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आज मराठी मंडळाचा स्टॉल होता. तिथल्या पाकिटावर जाडजूड, गोलमटोल अक्षरांत 'थालीपीठ भाजणी' लिहिलेलं. बघताक्षणी ओळखलं, हा केतकीचा फॉन्ट! ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. तेव्हा मी तिला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "'ठ'च्या पोटातली जागा बुजव, अक्षर आणखी ठसठशीत दिसेल." तिने ऐकलं नाही. माझ्या फॉन्टमध्ये मी तेच केलं.

पाकीट न घेताच घरी आले. थोड्या वेळाने नवऱ्याने नेमकं तेच आणून ओट्यावर ठेवलं.

सासूबाई हॉलमधल्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "थालीपीठ भाजणी! अगं, चष्म्याशिवाय वाचता आलं मला."

माझ्या फॉन्टमधलं पोस्टर दोन वर्षं त्याच खुर्चीसमोर लावलेलं आहे. धीर करून विचारलं, "आई, समोरच्या पोस्टरवर काय लिहिलंय?"

"लिहिलंय होय? मला वाटलं नक्षी आहे."

केतकीला 'मस्त झालाय फॉन्ट' असं टाइप करून तासभर झाला. अजून पाठवलेलं नाही. तुम्ही पाठवलं असतंत?