तिला सांगितलेला खोटा शेवट

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "दादा, शेवटच्या दिवसांत तुम्ही वहिनींना कादंबरी वाचून दाखवलीत. असा नवरा मिळायला नशीब लागतं." मी मान डोलावतो, चहा पुढे करतो... खरं काही तोंडातून निघत नाही. म्हणून लिहितोय. मुलीला, माधुरीला, सांगितलंय, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ, बाकी हात लावू नकोस.

माझी बायको सुशीला सहा आठवड्यांपूर्वी गेली. ती मॅट्रिक, मी चौथी. खडकीच्या कारखान्यातून मी घरी यायचो तेव्हा ती क्वार्टरच्या खिडकीत वाचत बसलेली असायची. एक कादंबरी तिची फार लाडकी. जुनी, मोठ्या नावाची. एक माणूस एका बाईसाठी अफाट पैसा कमावतो, पण तोवर ती दुसऱ्याची झालेली असते. सुशीला म्हणायची, "अहो, बसा ना. दोन पानं मी वाचते, दोन तुम्ही." मी म्हणायचो, "परक्याची बायको पळवायच्या गोष्टी वाचायला मी रिकामा नाही. भाकरी वाढ." पाहुण्यांसमोरही असंच. लोक हसायचे. तीही हसायची, पान दुमडून उठायची. खरी गोष्ट ही, की मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो, जोडाक्षर आलं की अडतो. बायकोसमोर ते दिसायला नको होतं. बेचाळीस वर्षं दिसू दिलं नाही.

दवाखान्यात तिला अक्षर दिसेनासं झालं. तिने तीच कादंबरी मागवून घेतली. म्हणाली, "शेवटचं प्रकरण तेवढं वाचा." शेजारच्या खाटेवर नारायण पेठेतल्या एक बाई, चांगल्या शिकलेल्या. त्यांनी माझं अडखळणं ऐकलं तर? मी पुस्तक उघडलं, पानावर नजर ठेवली आणि मनाचंच सांगायला लागलो. दोघांचं लग्न झालं. मोठ्या बंगल्यात राहायला गेली.

"आणि तिचा आधीचा नवरा?"

"तो... वारला."

"अगं बाई! कशाने?"

"तापाने."

ती हसली. खोकला येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "हं, पुढे वाचा." चार दिवस हेच. मी त्या दोघांना दोन मुलं दिली, थोरल्याला इंजिनिअर केलं. शेजारच्या बाईंनाही ते खरं वाटलं. तेराव्याला येऊन त्यांनीच माझं कौतुक केलं. मी हात जोडले.

त्यानंतर ते प्रकरण खरंच वाचलं. तीन दिवस लागले. तो माणूस एकटाच मरतो. बाई नवऱ्याबरोबर निघून जाते. माधुरीला विचारलं, "आईला शेवट माहीत नव्हता का गं?"

"बाबा, आईने ती पाच वेळा वाचली होती!"

म्हणजे चारही दिवस तिला कळत होतं. मी पुस्तकात तोंड घालून बसलेलो, आणि ती माझ्याकडे बघत होती. "खोटं सांगताय" म्हणाली असती तर मी चिडलो असतो. मरणाच्या खाटेवरच्या बाईवरही चिडलो असतो. ते तिला माहीत होतं, म्हणून बोलली नाही. याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

आता कर्वेनगरच्या घरात रोज दुपारी तिच्या पलंगाशी बसतो आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचतो. खिडकी उघडी असते. सोसायटीतली माणसं ऐकतात, ऐकू देत. काल अर्धं पान झालं. चार ठिकाणी अडलो... पण एकही शब्द पदरचा घातला नाही.